वाघर बसली

बिबट्याच्या प्रेमात पडायचंच असेल तर उजव्या बाजूने पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. डावी बाजू वाईट असते असं नाही; पण माझी इमरती मला पहिल्यांदा दिसली ती उजवीकडून, आणि तेव्हापासून मी दुसऱ्या कुठल्या कामाची राहिले नाही.

इमरती म्हणजे बिबट्याची मादी. तिच्या उजव्या कुशीवर, मागच्या पायाच्या जरा वर, काही ठिपके एकमेकांत असे गुंतलेत की आमच्या शहरात गुलमंडीवरच्या कढईतून आत्ताच काढलेली जिलबीसारखी, नक्षीदार इमरती आठवावी. हे नाव मी ठेवलेलं नाही. आमची जीप चालवणारे चाचा शहागंजकडचे. त्यांनी लॅपटॉपवर तिचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "अरे बेटा, ये तो इमरती हय!" तेव्हा रमजान चालू होता आणि चाचांचा रोजा होता, नावात भुकेचाही हात असावा. आमच्या अहवालात तिच्यासाठी एक रूक्ष अक्षर आणि त्याला चिकटलेला एक रूक्ष आकडा आहे. तो मला दर वेळी शोधावा लागतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. गौताळ्याच्या डोंगरात आणि डोंगराखालच्या शिवारात बिबटे कुठून कुठे जातात, कोणत्या ओढ्याने उतरतात, कोणता रस्ता ओलांडतात, हे शोधायचं. म्हणजे उद्या तिथे काही बांधायचं झालं तर त्यांची वाट मोकळी ठेवता येईल. त्यासाठी आम्ही पायवाटांच्या दोन्ही बाजूंना झाडांना कॅमेरे बांधतो. समोरून उबदार अंगाचं काहीही गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी, एकाची दुसऱ्याला नसते, म्हणून कोण येऊन गेलं ते फोटोवरून कळतं. अडचण एवढीच की कॅमेऱ्याला बिबट्या आणि बाकीची दुनिया यांतला फरक कळत नाही. त्यामुळे माझा बराचसा दिवस शेळ्या बघण्यात जातो. शेळ्या येताना, शेळ्या जाताना, एक शेळी कॅमेऱ्याचा पट्टा खाताना. एक आजोबा रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर थांबून भांग पाडायचे, त्यांना काचेत तोंड दिसत असावं. एका कॅमेऱ्याला तर कुणीतरी हळदकुंकू वाहून समोर नारळ फोडला होता. तो कॅमेरा पुढे कधीही बिघडला नाही, हे मी शास्त्राची शिस्त क्षणभर बाजूला ठेवून नमूद करते.

याआधी मी चितेगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. पगार बरा, बस दारापर्यंत, कँटीनमध्ये दर बुधवारी गुलाबजाम. ते सगळं सोडून मी बिबट्यांच्या मागे निघाले तेव्हा आईने काही आकांडतांडव केलं नाही. आई शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त आहे, आणि आकांडतांडव हा शब्द तिला शुद्धलेखनापुरता आवडतो. तिने फक्त नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली, "ती सर्व्हेला असते." आमचं घर चिकलठाण्याला, विमानतळाच्या जवळच. वरून विमान चाललं की आई बोलता बोलता थांबते आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. कसला सर्व्हे, असं कुणी विचारलं की मात्र विमान नसलं तरी आई थांबायची.

फोटो दाखवायला गेले की ती दोन्ही हात वर करायची. "मला नको दाखवू. तू तिथे पायी फिरतेस हे मला माहीतच नाही, असं समजून मी जगते. तेवढं राहू दे."

त्या हिवाळ्यात इमरती गायब झाली. ज्या ओढ्यात ती हमखास यायची तिथे फक्त मोर, साळिंदर आणि आमचे भांगवाले आजोबा. मला अन्न गोड लागेना. लोकांना असं माणसांसाठी होतं, मला ठाऊक आहे. पण मला लाजायला वेळ नव्हता, मी कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डं बदलत फिरत होते. मग एका दुपारी डोंगराच्या पार खाली, पिशोरच्या अलीकडे, शेतांच्या कडेला लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड मी जीपमध्येच लॅपटॉपला लावलं. शेळी, शेळी, मोटारसायकल, शेळी, आणि इमरती. उजवी बाजू. ठिपक्यांची ती मिठाई जशीच्या तशी. आणि तिच्या मागे, तिच्या शेपटीच्या टोकाकडे टक लावून चाललेलं एक पिल्लू.

मी अशी किंचाळले की चाचांनी जीप थेट बांधावर चढवली.

"क्या हुआ? साँप? साँप हय क्या?"

"चाचा, इमरतीला बाळ झालं!"

चाचांनी इंजिन बंद केलं, स्क्रीन बघितली, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाले, "चल, पहले मुँह मीठा करते." आम्ही पिशोरच्या बाजारात जाऊन पेढे घेतले आणि दुकानदाराने कुणाकडे काय झालं म्हणून विचारलं तेव्हा चाचांनी बेधडक सांगितलं, "हमारी भतीजी को लडका."

लडका की लडकी ते फोटोवरून कळत नव्हतं. पण पेढे छान होते.

आनंदाची ही गाडी फार पुढे गेली नाही. तिथल्या वस्तीवर एका शेतकऱ्याच्या शेळ्या बिबट्याने नेल्या होत्या. मी त्यांना भाऊ म्हणते. भाऊंची अद्रकीची शेती आणि थोडी कपाशीची पऱ्हाटी, घर शेतातच. गावाने पिंजरा मागितला होता आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज भाऊंचा होता. मी त्यांना समजवायला गेले. बिबट्या माणसाला टाळतो, पिल्लू जरा मोठं झालं की ती आपण होऊन डोंगरात परत जाईल, वगैरे सगळं मी हातवारे करून सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं प्रेम तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझी बायको भल्या पहाटं अद्रकीला पानी द्यायला जाती. ती तुमची इमरती तिला आडवी आली तर? तुमी येनार का मग हितं लेकरं सांभाळायला?"

मीही त्यांच्या जागी पिंजराच मागितला असता.

वनखात्याचे साहेब समजूतदार. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं. पिंजऱ्याची परवानगी वरून आली होती, फक्त लावायचा की नाही आणि कुठे, एवढं त्यांच्या हातात होतं. "तुमची मादी पिल्लाला घेऊन डोंगराकडे वळल्याचं कळलं तर मी पिंजरा हलवत नाही, मॅडम. पण ती शिवारातच ठाण मांडून बसली असेल तर मला लावावा लागेल. बाजाराच्या दिवसापर्यंत काय ते सांगा."

पिंजऱ्यात एकच जनावर सापडतं. आई सापडली की तिला दूर नेणार, पिल्लू बाहेर राहणार. आणि त्या वयाचं पिल्लू आईशिवाय जगत नाही. हे मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं.

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. होते नव्हते ते सगळे कॅमेरे त्या पट्ट्यात आणून लावले. भेटेल त्याला माझा नंबर दिला. त्यातच मला धनगर मावशी भेटल्या. नगरकडून दरवर्षी मेंढरं घेऊन यायच्या, मोकळ्या झालेल्या वावरांत मेंढरं बसवायच्या आणि काही दिवसांनी पुढच्या वावरात जायच्या. मेंढरांच्या वासावर बिबट्या आसपास घुटमळतो, म्हणून मी त्यांना म्हटलं, "मावशी, मेंढरांभोवती तुम्ही जाळी लावता ना? ती जाळी नव्या ठिकाणी लागली की मला लगेच फोन करा. मी शेजारी कॅमेरा लावीन."

"करते की. पर एक हाय," मावशी म्हणाल्या. "आमची मेंढी आज-उंद्या व्याला झालीया. पिल्लांसंगं माजा फोटू काडायचा. भिताडावर लावायचा हाय मला."

ठरलं. मी वचन दिलं आणि विसरून गेले.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि चाचा पिशोरला भजी खात होतो आणि फोन वाजला. पलीकडे वारा, मेंढरं, कुत्री, आणि या सगळ्यांच्या वरून मावशींचा आवाज.

"मॅडम व्हय? वाघर बसली बगा!"

इथे एक सांगायला हवं. आमच्या या पट्ट्यात बिबट्याला बिबट्या म्हणणारा माणूस विरळा. कुणी वाघ म्हणतं, कुणी वाघरू, कुणी नुसतंच जनावर. त्यामुळे मावशी काय म्हणाल्या याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"काय? कुठे?"

"अद्रकीच्या वावराखाली. आत्ताच बसली. पिल्लंबी आल्यात सकाळी!"

पिल्लं! अनेकवचन! म्हणजे फोटोत एक होतं, दुसरं मागे राहिलं असणार! माझ्या हातातलं भजं चटणीत पडलं.

"मावशी, तुम्ही स्वतः बघितलं?"

"आता म्या न्हाय तर कोन बगनार? एकाला मांडीवं घिऊनच बसलेय की. लई ग्वाड हाय."

माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. बिबट्याचं पिल्लू मावशींच्या मांडीवर, आणि त्याची आई शेजारी बसून बघते आहे.

"मावशी, खाली ठेवा त्याला! आधी खाली ठेवा आणि हळूहळू मागे या!"

"का बरं? थंडी वाजती त्याला," मावशी म्हणाल्या आणि फोन कटला.

मी साहेबांना फोन लावला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण त्यात मादी, पिल्लं, मांडी आणि म्हातारी बाई हे चारही शब्द होते आणि साहेबांना तेवढे पुरले. जीपमध्ये चाचा पूर्ण वाट "या अल्लाह, बुढ्ढी गोद में लेके बैठी?" एवढंच म्हणत होते. आम्ही पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. अर्धं गाव बांधावर. भाऊ हातात काठी घेऊन सगळ्यांत पुढे. मागून वनखात्याची गाडी, आणि तिच्या मागे ट्रॅक्टर, ट्रॉलीत पिंजरा, पिंजऱ्यात आमिषाची शेळी. शेळीला हे सगळं पसंत नव्हतं आणि ती तसं सांगत होती.

मावशी वावराच्या कडेला बसल्या होत्या. केस विंचरलेले, नवं लुगडं, मांडीवर पदरात गुंडाळलेलं नुकतंच जन्मलेलं कोकरू. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, साहेबांच्या टोपीकडे पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं.

"एवडी वरात कशापायी आनली, मॅडम? एकच फोटू काडायचा व्हता की."

"मावशी, वाघरू कुठाय?"

"ही काय!" त्यांनी मेंढरांभोवती खुंट्यांवर ताणलेल्या जाळीवर हात मारला. "वाघर. तुमी शेरातली मानसं जाळी म्हनता. बसली म्हनलं न्हाय का म्या? आन् पिल्लं सकाळी झाल्यात म्हनलं. तुमीच तर सांगितलं व्हतं फोन करा म्हून."

मग साहेब बांधावर बसले आणि टोपी काढून हसू लागले. असं हसताना मी सरकारी माणूस कधी पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाचांना तर श्वास घेता येईना, ते जीपच्या बॉनेटवर पालथे पडून पाय आपटत होते. बांधावरची माणसं एकमेकांना "वाघर, वाघर" असं सांगत होती आणि पुन्हा हसत होती. मीही हसले. मावशींचा फोटो काढला, कोकरासकट. त्यात साहेबही उभे राहिले, कारण मावशींनी त्यांना हाताला धरून उभं केलं.

तेवढ्यात भाऊ म्हणाले, "साहेब, आनलाच हाय तर ठिवा आता."

हसणं थांबलं. बांधावरून आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. पिंजरा इतक्या दिवसांपासून मागितलेला, परवानगी आलेली, पिंजरा दारात आलेला, आणि अर्धं गाव समोर उभं. साहेबांना तो परत नेता येणार नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. "उद्या बाजाराच्या सकाळपर्यंत राहील," ते म्हणाले. "त्यानंतर उचलायचा."

अद्रकीचं वावर आणि ओढा यांच्या मध्ये पिंजरा लावला. शेळी मागच्या बंद खणात, तिला धोका नव्हता. पुढचा खण उघडा, तळाला फळी. फळीवर पाय पडला की दार खाली. इमरती ज्या ओढ्याने येत-जात होती त्याच्या अगदी तोंडावर. ही जागा माझ्या फोनने ठरवली होती. मावशींनी एवढ्या गर्दीला कंटाळून त्याच संध्याकाळी वाघर उपटली आणि मेंढरं घेऊन त्या पलीकडच्या शिवारात गेल्या.

आईला फोन केला. मला रडायचं होतं, पण आईला आधी शब्दच हवा होता.

"वाघर स्त्रीलिंगी. वाघरू नपुंसकलिंगी," आई म्हणाली. "त्या 'बसली' म्हणाल्या तिथेच तुला कळायला हवं होतं. वाघरू असतं तर 'बसलं' म्हणाल्या असत्या."

"अगं पण इमरतीही स्त्रीलिंगीच आहे!"

"इमरती कोण?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पिल्लाचं, पिंजऱ्याचं, फळीचं. आई गप्प राहिली. मला वाटलं विमान आलं असेल, पण विमानाचा आवाज नव्हता.

"मग आता?" आईने विचारलं.

"आता पहाटे जाऊन बघायचं. ती दुसरीकडून गेलेली असू दे, एवढंच."

साहेबांनी आम्हाला लांबवर जीपमध्ये बसायची परवानगी दिली होती. काचा अर्ध्या वर, बोलायचं नाही, उतरायचं नाही, आणि अर्थातच भोंगा नाही. भोंग्यावरून मी चाचांना पहिल्या दिवसापासून छळलेलं आहे. शहागंजच्या गर्दीत ज्या माणसाचं निम्मं ड्रायव्हिंग भोंग्याने होतं, त्याला मी रानात कधीही एकदासुद्धा तो वाजवू दिला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. जीव थोडा भांड्यात पडला. हळूहळू उजाडायला लागलं. भाऊ दुधाची किटली घेऊन घरातून निघाले, आम्हाला पाहून जीपपाशी आले आणि मी काही म्हणायच्या आत मागच्या सीटवर येऊन बसले. "हितून बरं दिसतं," ते कुजबुजले. शेळी अधूनमधून ओरडत होती. चाचांनी फरसाणाची पुडी काढली, मी डोळे वटारले, त्यांनी ठेवून दिली.

पिल्लू आधी आलं. ओढ्यातून वर, मांजरापेक्षा मोठं, कुत्र्यापेक्षा लहान, पाय अंगाच्या मानाने फार मोठे. आणि मग ती आली.

मी इतकी वर्षं हिला बघते आहे. ही कुठल्या दगडावर अंग घासते, पावसाळ्यात किती सुकते, डावा कान कुठे फाटलाय, मला सगळं पाठ. पण ते सगळं फोटोंतून. प्रत्यक्षात मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं. आता ती समोर बांधावर उभी होती, उजवी बाजू आमच्याकडे, आणि तिचं पोट श्वासाबरोबर हलत होतं. फोटोत पोट हलत नाही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांसमोरचं धूसर होत होतं आणि मी ओरडू नये म्हणून स्वतःच्या ओढणीचं टोक चावत होते.

"इमरती," चाचा नुसत्या ओठांनी म्हणाले.

शेळी ओरडली. पिल्लाने कान टवकारले आणि ते पिंजऱ्याकडे निघालं.

इमरती बांधावरच थांबली. तिला ते लोखंड आवडलं नव्हतं, तिने अंग खाली दाबलं. पण पिल्लाला काय कळतंय? ते पिंजऱ्याच्या तोंडाशी गेलं, मान वाकडी करून आत बघितलं, मग दुसऱ्या बाजूला वाकडी करून बघितलं. मग एक पाय उचलून आत ठेवला. फळी अजून पुढे होती. एक पाऊल, फार तर दोन.

आमच्या कामाचा पहिला नियम असा आहे की आपण तिथे नसतोच. जे होतं ते होऊ द्यायचं, बघायचं, टिपून ठेवायचं. हा नियम मी कितीतरी नव्या पोरापोरींना शिकवलेला आहे.

मी अर्धी खिडकीबाहेर लोंबकळले आणि फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडले, "ए बाळा! नको! मागे फिर! मागे फिर म्हटलं ना!"

पिल्लू एक पाय आत ठेवून माझ्याकडे बघत राहिलं. आणि मग चाचांनी भोंगा दाबला.

कित्येक वर्षांचा साठलेला भोंगा होता तो. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. पिल्लू मागच्या मागे कोलमडलं, उठलं, आणि धावत जाऊन आईच्या पोटाखाली घुसलं. इमरती पळाली नाही. तिने डोकं वळवून जीपकडे बघितलं. खिडकीतून लोंबणाऱ्या माझ्याकडे, थेट. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी तिला हात हलवून टाटा केला. मग ती वळली. पऱ्हाटीतून, ओढा ओलांडून, पलीकडच्या उघड्या चढावर आली तेव्हा उजेड चांगला झाला होता. आम्हाला दोघंही वर जाताना दिसत होती, ती पुढे आणि पिल्लू मागे, डोंगराच्या खोबणीत दिसेनाशी होईपर्यंत.

"चाचा, हात काढा," मी म्हटलं. माझा आवाज बसला होता.

"कौनसा हात?"

भोंगा अजून वाजत होता. त्यांनी हात काढला आणि आम्ही तिघेही एकदम हसत सुटलो. भाऊंची किटली कलंडून जीपमध्ये दूध सांडलं आणि त्यावरही आम्ही हसलो. हसता हसता भाऊंनी किटली सरळ केली.

"मला वाटलं अंगावर यील," ते म्हणाले. "लेकरू मधी व्हतं, आपुन ओरडलो, आता काय सोडत नाय म्हनलं. ती तर लेकरू घिऊन निगून गेली की वं."

"हो," मी म्हटलं.

"मॅडम, तुमी त्याला बाळा म्हनलात."

"हो," मी पुन्हा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

साहेब आले तेव्हा पिंजरा रिकामा होता. भाऊच पुढे झाले. "गेली, साहेब. लेकराला घिऊन डोंगरात गेली, ह्या डोळ्यांनी बगितली म्या. उचला हे धूड."

"आणि तो भोंगा कसला वाजत होता? गावापर्यंत ऐकू आला."

"म्हैस आडवी आलती माझी," भाऊ म्हणाले. आसपास कुठेही म्हैस नव्हती. साहेबांनी शिवारावर सावकाश नजर फिरवली आणि पिंजरा ट्रॉलीत चढवायला सांगितलं. भाऊंनी खालून जोर लावला. शेळीला मोकळं सोडलं तेव्हा ती आधी माझ्या ओढणीकडे गेली.

पुढच्याच आठवड्यात चाचांनी आणि मी भाऊंच्या शेळ्यांच्या गोठ्याला वरपर्यंत लोखंडी जाळी बसवून दिली. भाऊंची बायको पाण्याला जाताना आता मोबाइलवर मोठ्याने गाणी लावते. बिबट्याला ती आवडणार नाहीत, याची मी तिला खात्री दिली आहे.

त्यानंतर बरेच दिवस डोंगरातल्या कॅमेऱ्यांत काहीच नव्हतं. मी रात्री जागी होऊन त्या चढाचा विचार करायचे. पिल्लू पोचलं का, वर पाणी आहे का, दुसऱ्या एखाद्या नराने गाठलं नसेल ना. हसणं सगळं विरून गेलं होतं. मग एका संध्याकाळी, घरी, जेवायच्या आधी मी आतल्या बाजूच्या, पार गौताळ्याच्या पोटातल्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. आणि किंचाळले.

आई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "काय झालं? काय चावलं?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि लगेच सवयीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, तिला नको म्हणून.

"दाखव," आई म्हणाली.

तिने हात पुसले, चष्मा शोधला, तो लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. स्क्रीनवर इमरती चालली होती, उजवी बाजू आमच्याकडे. मागे पिल्लू, आता चांगलंच उंच झालेलं, आईच्या शेपटीकडे लक्ष नाही, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. मी फोटो मोठा केला. आई पुढे झुकली, आणखी पुढे झुकली, आणि तिने पिल्लावर बोट टेकवलं.

"वाळलाय गं थोडा," ती म्हणाली.